मदत हवी आहे: कागोशिमात राहिलेलं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला राहणारी माझी भाची जपानला कागोशिमात शिकायला चाललीये. समोरच साकुराजिमा, जागता ज्वालामुखी! तिथली महापालिका राख भरायला घरोघरी पिवळ्या पिशव्या वाटते, १९१४ च्या उद्रेकाची आठवण ठेवून दर वर्षी स्थलांतराचा सराव घेते. (आपल्याकडे नालेसफाई वेळेत झाली तरी पेढे वाटू.) इशाऱ्याच्या पाच पातळ्या, पाचवी म्हणजे घर सोडा. जुलै २०२२ मध्ये तीही जाहीर झाली होती, त्यामुळे ताई धास्तावलीये.

जपानी न येणाऱ्याला हे इशारे मोबाइलवर इंग्रजीत मिळतात का? निवारा केंद्र आधीच कसं शोधायचं? शिवाय पोरगी लेन्स लावते. राख पडते त्या दिवशी चष्माच बरा ना? आजीने कोविडातले एन-९५ मास्क बॅगेत कोंबलेत, ते चालतील?