अरबी समुद्राचा गाळ जपानमध्ये का? आंतरराष्ट्रीय सागरी उत्खननात भारतानं काय मागावं?

मांडवीकाठ
आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन कार्यक्रमाच्या 2015 च्या मोहीम 355 मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या अमेरिकी उत्खनन जहाजानं आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर समुद्रतळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी सुमारे 1100 मीटर खोल भोकं पाडली. या कार्यक्रमात भारताचा सहभाग वास्कोच्या ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रामार्फत. गाळाचे कोअर, म्हणजे भोकातून काढलेले लांब दंडगोल, मात्र कोचीला गेले, तेही केरळातल्या नव्हे, जपानमधल्या. वर्गणी भरताना अट घालायला हवी: हिंदी महासागराच्या कोअरचं भांडार गोव्यात.

सडा_हेडलँड
अट चुकीच्या जागी घालताय. प्रत्येक कोअर दीड-दीड मीटरचे तुकडे करून उभा चिरतात. एक अर्धा भाग जपून ठेवतात, दुसऱ्यातून नमुने देतात. मोहिमेवरच्या संशोधकांना साधारण वर्षभर पहिला हक्क असतो, त्यानंतर जगातला कुणीही अर्ज करू शकतो. गोव्यातल्या संशोधकाचा अर्ज टोकियोतल्याइतकाच चालतो. फेटाळले जातात ते बहुतेक ढिसाळ अर्ज: अमुक खोलीपासून तमुक खोलीपर्यंत दर इतक्या सेंटिमीटरला इतके घन सेंटिमीटर, आणि त्यातून नेमकं काय मोजणार, हे ज्यात लिहिलेलं नसतं.

मांडवीकाठ
ते नेमकेपण कोअर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय येत नाही, हेच तर माझं दुखणं. लक्ष्मी खोऱ्यात सिंधूच्या पंख्याचा, म्हणजे सिंधू नदीनं समुद्रतळावर पसरलेला गाळ आहे, म्हणजे उतारावरून घसरत आलेले वाळूचे थर जागोजागी. दोन्ही भोकांत तर प्राचीन समुद्रतळावरच्या दरडीचा जाड थर लागला. डोळे मिटून ठरावीक अंतरावर नमुने मागितले तर काही हमखास अशा थरात पडतात. त्यातले फोरॅमिनिफेरा (चुन्याची कवचं असलेले सूक्ष्म सागरी जीव) दुसरीकडून वाहून आलेले असतात, त्यांच्यावरून मान्सूनच्या अभ्यासासाठी काढलेलं समुद्राचं तापमान खोटं ठरतं. फोटो उघड उपलब्ध आहेत, मान्य. पण एक-दोन सेंटिमीटरची बारीक वाळू फोटोत सहज निसटते. गोवा विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी त्यासाठी जपानला कसा जाणार?

खारफुटी
भांडाराची कल्पना चांगली आहे, फक्त खर्च इमारतीचा नसतो हे ध्यानात घ्या. कोअर 4 अंश सेल्सिअसला, ओलावा टिकवून ठेवावे लागतात. सुकले की आक्रसतात, तडे जातात, मग चुंबकीय मोजमाप बिघडतं. शिवाय गाळातल्या पायराइटला (लोह-गंधकाचं खनिज) हवा लागली की आम्ल तयार होतं आणि चुन्याची सूक्ष्म कवचं विरघळतात. आपल्याकडे जूनपासून वीज जाते-येते. दोन स्वतंत्र कॉम्प्रेसर, जनरेटर, तापमानाची सतत नोंद आणि रात्रीचा माणूस, हे सगळं पंचवीस वर्षं चालवायचं. तेवढं करायची तयारी असेल तरच मागा. अर्धवट थंड भांडार म्हणजे कोअरचा नाशच.

सडा_हेडलँड
खारफुटी बरोबर बोलतायत. यात आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच भांडारात मिळत नाही. गाळाच्या रंध्रांतलं पाणी जहाजावरच पिळून काढावं लागतं. मिथेन कोअर वर येताच निसटू लागतो. जिवाणूंचे नमुने लगेच उणे 80 अंशांत जातात. म्हणून जहाजावरच्या जागा जास्त मागा, आणि त्यांतल्या निम्म्या रंध्रजल-रसायन व सूक्ष्मजीवशास्त्राला राखून ठेवा.

मांडवीकाठ
जागा मागा, पण कुठल्या जहाजावर? अमेरिकेनं ‘जॉइडिस’ 2024 मध्ये बंद केलं. खोल ड्रिलिंगला जपानचं ‘चिक्यू’ उरलं, आणि त्याच वर्षी चीननं ‘मेंगश्यांग’ उतरवलं. 2006 मध्ये भारतानं ‘जॉइडिस’ स्वतः भाड्यानं घेतलं, म्हणून गॅस हायड्रेटसाठी (समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेला वायू) कुठे खोदायचं ते आपण ठरवलं. केरळ-कोकण खोऱ्यातल्या भोकात काही सापडलं नाही, पूर्व किनाऱ्यासमोरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात जाड साठा लागला. दोन्ही उत्तरं आपल्या प्रश्नांची होती. दुसऱ्याच्या मोहिमेत चार जागा मिळाल्या तरी भोकाची जागा आपली नसते.

सडा_हेडलँड
भाडं भरून जहाज आणण्याला माझा विरोध नाही. पण मोहिमेचा प्रस्ताव मंजूर व्हायला भूकंपीय सर्वेक्षणाच्या (ध्वनिलहरी सोडून तळाखालचे थर पाहणं) एकमेकींना छेदणाऱ्या रेषा लागतात, भोक त्या छेदावर. खाली वायूचा दाब आहे की नाही, हे त्यावरून तपासतात. ते सर्वेक्षण आपली स्वतःची जहाजं आजही करू शकतात. ती माहिती हातात असेल तर जहाज कुणाचंही असो, भोकाची जागा आपण सुचवू.