पेट्रोलमधलं इथेनॉल, बिनइथेनॉलचं पेट्रोल आणि आपल्या गाड्या : तुमचे अनुभव लिहा

तेरणाकाठ
दिवाळीच्या आवराआवरीत मागच्या खोलीतून दादांची (आम्ही वडिलांना दादाच म्हणायचो) स्कूटर बाहेर काढली. टू-स्ट्रोक. टाकीचं झाकण उघडलं तर तळाला काकवीसारखं काहीतरी चिकट काळं. वास मात्र तोच. एकदम पंपावरचा तो पोरगा आठवला, छोट्या मापानं ऑइल टाकायचा आणि दादा स्कूटर दोन्ही बाजूला हलवून मिसळून घ्यायचे. मी पुढं उभा, हँडलला धरून.

आता लेकाच्या मनात आलंय की ती चालू करायची. पण म्हणतो, आताचं पेट्रोल घालायचं नाही, वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाड्या खराब होतात, पुण्याहून बिनइथेनॉलचं आणू. घरात दुसरी जुनी मोटारसायकल आहे, ती रोज शेतात जाते, तिचंही ॲव्हरेज पडलंय अशी तक्रार. तर ज्यांनी दोन्ही वापरून बघितलंय त्यांनी लिहा. ऐकीव नको, ते व्हॉट्सॲपवर भरपूर आहे.

कडक_किक
२०११ ची गाडी. आधी पंचावन्न द्यायची आता पन्नासला आली. सकाळी चोक वढल्याशिवाय हालत नाही. बायको म्हणती गाडी म्हातारी झाली, मी म्हणतो पेट्रोल. दोन्ही खरं असंल.

शाळा_सुटली
माझी स्कूटी दोन वर्षांपूर्वीची, टाकीवर ई-२० चं (वीस टक्के इथेनॉलवालं) स्टिकर आहे. रोज शाळेला जाऊन येऊन. काही फरक नाही, कारण आधीचं काही माहीतच नाही तिला 😄 कुकर लावलाय, नंतर लिहिते

मिस्त्री_सेलू
तेरणाकाठ काका, स्कूटर चालू करायची घाई करू नका. आधी टाकी काढून धुवा, कॉकची जाळी काढा, पेट्रोलचा पाइप फेकून नवा टाका. पाइप घेताना इथेनॉलला टिकणारं रबर मागा, दुकानदाराला कळतं. जुनं रबर या पेट्रोलात फुगतं नाहीतर कडक होऊन चिरा पडतात. इथेनॉल जुन्या टाकीतला गंज, चिकटा सगळा सोडवतं आणि तो येऊन बसतो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात. लोक म्हणतात पेट्रोल बदललं आणि गाडी बंद पडली. घाण आधीचीच असते, हे पेट्रोल फक्त ती हलवतं.

कडक_किक भाऊ, तुमची कार्बोरेटरवाली का? प्लग काढून बघा. टोक पांढरट दिसलं तर गाडी लीन चालायली, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोलला हवा लागते साधारण १४.७ ला १, इथेनॉलला ९ ला १. म्हणजे इथेनॉल आलं की इंधन जास्त सोडावं लागतं. इंजेक्शनवाल्या गाडीत सायलेन्सरजवळ सेन्सर असतो, ती आपली आपण जुळवून घेती. कार्बोरेटरला डोकं नसतं, तो पहिल्यासारखंच सोडणार. एअर स्क्रू जुळवून घ्या, त्यानं नाही भागलं तर मेन जेट एक नंबर मोठा टाका.

कडक_किक
पांढरंच हाय की. फोटो टाकू का

मिस्त्री_सेलू
नको, हात काळे आहेत, फोन घेता येत नाही. पोरगं टाइप करायलंय.

हिशोबनीस
भावनेचा विषय बाजूला ठेवा, आकडे बघा. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं की लिटरमागं सहा-सात टक्के कमी पडणार, हे शुद्ध गणित. पण आपण शून्यावरून विसावर आलो नाही. दहा टक्के २०२२ च्या जूनमध्येच देशभर झालं होतं. त्यामुळं त्यानंतर जाणवलेला फरक त्याच्या निम्माच असायला पाहिजे. नीती आयोगाच्या अहवालातही दुचाकीला तीन-चार टक्के आणि बिनइथेनॉलसाठी बनलेल्या चारचाकीला सहा-सात टक्के घट लिहिलीय. वीस टक्क्यांनी ॲव्हरेज पडलं म्हणणाऱ्यांनी आधी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघावा.

आता खर्च. साधं पेट्रोल १०५ धरा, बिनइथेनॉलचं शंभर ऑक्टेनवालं (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न भडकण्याची क्षमता) १६० धरा. साध्यावर ५० चं ॲव्हरेज असेल तर किलोमीटरला २ रुपये १० पैसे. महागड्यावर सात टक्के वाढून ५३.५ मिळालं तरी किलोमीटरला जवळपास ३ रुपये. बरोबरीत यायला गाडीनं ७६ द्यायला पाहिजे. कोणती देते?

कडक_किक
आमच्या चुलत्याची देती. तोंडानं.

नाइलाजाने_पुणेकर
मी वापरलंय. गाव अंबाजोगाई, नोकरी पुण्यात. एक्सपी १०० मध्ये (इंडियन ऑइलचं ते शंभर ऑक्टेनवालं) इथेनॉल नसतं आणि ते मोठ्या शहरांतल्या काही ठरावीक पंपांवरच मिळतं. माझी चारचाकी २०१४ ची. टाकी शक्य तेवढी रिकामी करून भरलं आणि गावी गेलो. गाडी गुळगुळीत चालली असं वाटलं, चढाला थोडी मोकळी. पण एवढे पैसे दिल्यावर कुणालाही तसंच वाटणार. ॲव्हरेज जरा बरं आलं. येताना साधं भरलं तर कमी आलं, पण येताना गाडीत आई, मावशी, दोन पोती ज्वारी, लोणच्याची बरणी आणि मावशीच्या सूचना. त्यामुळं तुलना बाद. नंतर परत नाही भरलं. आता साधंच टाकतो, गाडी चालू आहे.

ऑक्टेनचा आणखी एक गैरसमज असतो. शंभर ऑक्टेन म्हणजे ताकद जास्त असं नाही. ते जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला लागतं. आपल्या घरच्या गाडीला त्याचा उपयोग नाही, फायदा झालाच तर इथेनॉल नसल्याचा.

बीड_बायपास
मी पंपावर नेहमी प्रीमियम टाकतो ९५ वालं. त्यात इथेनॉल नसतं. गाडी मस्त.

हिशोबनीस
असतं. ९५ वाल्यातही इथेनॉल मिसळलेलं असतं. उलट इथेनॉलचाच ऑक्टेन मोठा आहे, शंभराच्या वर.

बीड_बायपास
मग मी एवढे दिवस कशाचे पैसे देत होतो

नाइलाजाने_पुणेकर
मनःशांतीचे 😂

वसमतकर
इथं सगळे पेट्रोलला शिव्या द्यायलेत म्हणून बोलतो. माझा ऊस आहे. थोडाच आहे, पण आहे. कारखान्याला साखर विकून पैसा यायला वेळ लागतो, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या लवकर देतात, म्हणून उसाचं बिल वेळेवर निघतं असं आम्हाला सांगितलं. २०२३ च्या डिसेंबरात सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला एकदम बंदी घातली, साखर कमी पडंल म्हणून. त्या हंगामात आमचं बिल रखडलं. कारखान्याचं नाव घेत नाही, उद्या तोडणी टोळी पाठवायची त्यांनाच. पुढच्या वर्षी ऑगस्टात बंदी उठली. एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) वाढली, २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५०, पण तोडणी-वाहतूक कापून हातात काय येतं ते विचारू नका.

मोटारसायकल माझीबी आहे. ॲव्हरेज माझंबी पडलंय. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं द्यायचं.

मांजरा_कोरडी
वसमतकर, तुमच्याकडं पूर्णेचं, इसापूरचं पाणी तरी आहे. आम्ही २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालो. ऊस लावायचा का नाही यावरून लातुरात भांडण नवीन नाही. पेट्रोलपेक्षा आमच्या पाण्याचं ॲव्हरेज काढा कुणीतरी.

परभणी_परभणी
मिरजेचं नाव निघालं म्हणून. २००१ साली देशात पेट्रोलात इथेनॉल मिसळायचा पहिला प्रयोग झाला तो मिरज आणि मनमाडला (तिसरं ठिकाण उत्तर प्रदेशात). म्हणजे लातूरला पाणी मिरजेचं आणि आमच्या परभणीला पेट्रोल मनमाडच्या डेपोचं. तिथून इथवर टँकर येईस्तोवर भाडं चढतं, म्हणून राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठं विचारलं की आमचं नाव. त्यात लिटरमागं ऊर्जा कमी. जगात जर्मनी भारतात परभणी, उगं नाही म्हणत.

कडक_किक
😂😂 परभणीकरांना मानलं

सिल्लोड_मका
ऊस ऊस काय करता, आता इथेनॉल उसापेक्षा मक्याचंच जास्त. आमच्या भागात बघा, सगळीकडं मका. कोंबडीखाद्यवाले बोंबलायलेत मका महागला म्हणून. पण यंदा ओला आणला की व्यापारी भाव पाडतो ते पाडतोच.

मिस्त्री_सेलू
एक राहिलं. फवारणीचे पेट्रोल पंप. पाठीवरचे. कापूस, सोयाबीनची फवारणी संपली की लोक तसेच कोपऱ्यात ठेवतात, टाकीत पाव लिटर तसंच. पुढच्या जूनला घेऊन येतात, मिस्त्री चालू होईना. उघडलं की कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये पांढरी-हिरवी भुकटी. हे इथेनॉलनं पाणी ओढून घेतल्यामुळं होतं, हवेतली ओल बी ओढतं ते. ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा, मग मशीन आपोआप बंद पडेस्तोवर चालू ठेवा म्हणजे बाऊल कोरडा होतो. गाडीलाबी तेच, कॉक बंद करून. रोज चालणाऱ्या गाडीला काही भीती नाही, पेट्रोल टाकीत राहतंच किती. भीती उभ्या गाडीला.

शाळा_सुटली
आले परत. भाजी करपली, धाग्यामुळे. पाण्यावरून आठवलं. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावरच्या एका पंपावर टाकी भरली आणि शाळेच्या फाट्यापर्यंतही गेले नाही. माझ्या मागं अजून दोघं तसेच ढकलत. मेकॅनिकनं पेट्रोल बाटलीत काढलं तर खाली वेगळा थर, वर वेगळा. पंपवाला म्हणे इथेनॉल आहे ताई, असंच दिसतं. असंच दिसतं का हो मिस्त्री?

मिस्त्री_सेलू
नाही ताई. चांगलं ई-२० एकसारखं दिसतं, थर दिसत नाही. थर दिसला म्हणजे पाणी शिरलंय. पहिले पेट्रोलात पाणी गेलं तर पाणी तेवढं खाली बसायचं. आता इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरतं, म्हणून खालचा थर मोठा दिसतो आणि इंजिन नेमकं खालचंच ओढतं. पंपाच्या जमिनीतल्या टाकीत पाणी आहे का बघायला डिपच्या काठीला पेस्ट लावतात, रंग बदलतो. पावसाळ्यात बिनधास्त विचारा, पेस्ट दाखवा म्हणून. पाच लिटरचं मापबी मागता येतं, डेन्सिटीबी बघता येती. हक्क आहे आपला.

शाळा_सुटली
विचारलं की पंपावरचे सगळे आपल्याकडे असे बघतात जणू मी तपासणीलाच आले.

हिशोबनीस
शिक्षिका आहात, तुम्ही तसेच बघा त्यांच्याकडे.

तेरणाकाठ
सगळ्यांना धन्यवाद. एक विचारायचं, पंपावर दोन्ही प्रकार ठेवा, ज्याला जे पाहिजे ते घेऊ द्या, असं का नाही करत?

नाइलाजाने_पुणेकर
सुप्रीम कोर्टात तीच मागणी गेली होती, बिनइथेनॉलचा पर्याय ठेवा आणि पंपावर स्पष्ट लिहा म्हणून. सप्टेंबर २०२५ ला याचिका फेटाळली. माझं मत विचाराल तर निदान लिहायला तरी काय हरकत होती. बिस्किटाच्या पुड्यावर सगळं छापून असतं.

वसमतकर
दोन टाक्या, दोन नळ, दोन टँकर. खेड्यातल्या पंपाला परवडायचं नाही. आमच्या इथं एकाच नळाला दर चार दिवसाला स्टॉक नाही अशी पाटी.

जुनी_गाडी_प्रेमी
सगळं वाचलं नाही. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील ई-२० ला चालणारे आहेत. त्याआधीच्या गाड्यांचं मॅन्युअल बघा, बऱ्याच जणांत ई-१० पर्यंत लिहिलंय. माझी १९९८ ची चारचाकी, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम बदलला, पाइप बदलले, तेव्हापासून बिनतक्रार साधं पेट्रोल. बिनइथेनॉलच्या मागे पळण्यापेक्षा एकदा रबर बदला, स्वस्त पडतं.

मिस्त्री_सेलू
लाख बोललात. गिऱ्हाईक तुटलं माझं पण लाख बोललात.

मांजरा_कोरडी
वसमतकर सोयाबीन विकलं का? २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ म्हणतात, आडतीवर त्याच्या जवळबी कुणी येईना. ओल जास्त म्हणून आणखी कापतात.

वसमतकर
थोडं विकलं, पेरणीची देणी होती. बाकी घरात. केंद्रावर नोंदणी केलीय, मेसेज आला नाही. हुरड्याला या, ज्वारी चांगली आहे यंदा.

कडक_किक
मीबी येतो. पेट्रोल कुणाचं?

वसमतकर
ज्याचं त्याचं.

बीड_बायपास
ह्यापेक्षा सीएनजी किट बसवून टाका सगळे, कटकटच नको.

परभणी_परभणी
सीएनजीच्या रांगेतूनच लिहायलो भाऊ. पुढं अकरा रिक्षा हायत, तुम्ही बोला, मला भरपूर टाइम आहे.