शब्दचर्चा : खामोन, पालेता, सेबो, बेयोता

प्रश्न : सध्या माद्रिदला असतो. घरी बरीच मंडळी जेवायला येणार आहेत, म्हणून खामोन घ्यायचा विचार आहे. दुकानात डुकराचे पायच्या पाय टांगलेले असतात आणि त्यांवर सेरानो, इबेरिको, सेबो, बेयोता, पालेता असं काहीबाही लिहिलेलं असतं. भावात मात्र जमीनअस्मानाचा फरक. या शब्दांचे नेमके अर्थ काय? आणि 'पाता नेग्रा' म्हटलं की डोळे मिटून घ्यावं का?

प्रतिसाद : प्रत्येक शब्द वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतो, त्यामुळे गोंधळ होतो. खामोन म्हणजे डुकराची मागची मांडी, मिठात मुरवून वाळवलेली. पालेता म्हणजे पुढचा पाय. सेरानो हा शब्द 'सिएरा'वरून, म्हणजे डोंगरावरून आला. तिथल्या थंड हवेत मांडी वाळायची. आज सेरानो म्हणून मिळतं ते पांढऱ्या डुकराचं. इबेरिको ही डुकराची जात.

सेबो आणि बेयोता हे शब्द खुराकाचे. सेबो म्हणजे धान्य-कडधान्यावर पोसलेलं. 'सेबो दे काम्पो' असेल तर खुराकाच्या जोडीला मोकळं रानही मिळालेलं. बेयोता म्हणजे ओकच्या झाडाचं फळ. नैर्ऋत्य स्पेनमध्ये 'देहेसा' म्हणतात ती विरळ ओकची चराऊ रानं आहेत. शरद ऋतूत फळं गळू लागली की डुकरं तिथे सोडतात. या हंगामाला मोन्तानेरा म्हणतात. नियमाप्रमाणे ती किमान 60 दिवस रानात हवीत आणि तेवढ्यात त्यांचं वजन किमान 46 किलोंनी वाढायला हवं. चरबीला येणारी ती गोडसर चव इथली.

आता पाता नेग्रा, म्हणजे काळा खूर. नुसता खूर पाहून काही कळत नाही, इतर जातींचेही खूर काळे असतात. 2014च्या नियमानुसार हे नाव फक्त शुद्ध इबेरिको जातीच्या बेयोता मालालाच लावता येतं. खुरापेक्षा पायाला अडकवलेला प्लास्टिकचा पट्टा बघा. शुद्ध इबेरिको बेयोता असेल तर काळा, संकरित बेयोता असेल तर लाल, सेबो दे काम्पोला हिरवा, सेबोला पांढरा.

प्रश्नकर्ता : फार छान. पण बेताच्या पैशांत काय घ्यावं?

प्रतिसाद : हात आखडता असेल तर 'ग्रान रेसेर्वा' लिहिलेलं सेरानो. ते किमान 15 महिने मुरलेलं असतं. रेसेर्वा 12, बोदेगा 9. माझ्या मते पांढऱ्या पट्ट्याच्या स्वस्तातल्या इबेरिकोपेक्षा चांगलं सेरानो कधीही बरं. थोडे जास्त खर्चायची तयारी असेल तर स्पेनच्या तेरुएल प्रांतातलं घ्या. तेही पांढऱ्या डुकराचंच, पण कातडीवर आठ टोकांची चांदणी आणि 'तेरुएल' असा डाग दिलेला असतो, त्यामुळे ओळखायला सोपं. त्याहून वरची पायरी म्हणजे हिरव्या पट्ट्याचं इबेरिको. काळ्या पट्ट्याची अख्खी मांडी परवडत नसेल तर तेच हातानं कापलेलं 100 ग्रॅम घ्या आणि सगळ्यांना दोन-दोन काप द्या.

दुसरा प्रतिसाद : पालेताबद्दल एक भर घालतो. किलोमागे भाव कमी दिसतो म्हणून लोक पालेता उचलतात. पण त्यात हाड जास्त आणि मांस कमी, शिवाय सांध्याभोवती नीट कापणं कठीण. अख्ख्या खामोनमध्येसुद्धा जवळपास निम्मं वजन हाड, कातडी आणि वरच्या चरबीत जातं. मंडळी दहाच्या आत असतील तर अख्खा पाय घेऊच नये.

घ्यायचाच झाला तर दुकानदाराला 'काला' करून दाखवायला सांगा. हाडाची बारीक, टोकदार सळी सांध्याजवळ खुपसून बाहेर काढतात आणि लगेच वास घेतात. आत कुठे बिघडलं असेल तर तिथेच कळतं. मग भोकावर चरबी लिंपून टाकतात. कापलेलं पाकीट घेतलंत तर वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढून ठेवा. काप एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढू नका, पाकीट कोमट पाण्यात क्षणभर धरा. चरबी काचेसारखी पारदर्शक दिसू लागली की ताटलीत मांडा.