घाटात पिकअप मरतो, टर्बो बदलायचा की नाही?

मंडळी, मदत हवी आहे. २०१५ ची डिझेल गाडी, व्हॅक्यूमवर चालणारा व्हीजीटी टर्बो (आतल्या हलत्या पात्यांनी हवेचा दाब कमी-जास्त करणारा). जळगाव-भुसावळ सपाटीला झकास पळते, पण चाळीसगावहून कन्नड घाट चढताना जोर दिला की पिकअप एकदम मरतो, चेक इंजिन लागतं, आणि बंद करून परत चालू केली की ठीक. स्कॅनरला पी०२९९, म्हणजे अंडरबूस्ट, टर्बोकडून हवेचा दाब हवा तेवढा मिळत नाही. इंटरकूलरचे पाइप हवा भरून साबणाच्या पाण्याने पाहिले, लीक नाही. एअर फिल्टर नवा, मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) साफ केला, टर्बोच्या शाफ्टला प्ले (ढिलेपणा) नाही, ऑइल खात नाही. मेकॅनिक सरळ टर्बोच बदला म्हणतो, आता कापूस विकला जाईपर्यंत एवढा खर्च जमणार नाही अन् मला ते पटतही नाही. व्हेन (टर्बोतली हलती पाती) काजळीने जाम झालेत, अ‍ॅक्च्युएटरचा डायफ्राम (व्हेन हलवणाऱ्या भागातला रबरी पडदा) फाटलाय की बूस्टचा सोलेनॉइड (त्याला व्हॅक्यूम सोडणारा व्हॉल्व्ह) गेलाय, हे टर्बो न उतरवता हातपंपाने व्हॅक्यूम देऊन नेमकं कसं ओळखायचं?