शब्दचर्चा: 'इन्क्लुझिव्ह बिझनेस'ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ, वेंगुर्ला

बचत गटांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करायचं काम हातात आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांना गिऱ्हाईक, पुरवठादार, कामगार किंवा मालक म्हणून सोबत घेऊन चालणारे उद्योग, हा तिचा विषय. मसुद्यात 'सर्वसमावेशक व्यवसाय प्रारूप' असा शब्द आलाय. सरकारी कागदात तो खपून जाईल. पण पुस्तिका वाचणार आहेत त्या काजू फोडणाऱ्या, कालवं काढणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या बायका. एका गटात मसुदा वाचून दाखवला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "ह्येच्यात आमचो वाटो कितको?" प्रश्न नेमका होता, आणि आमच्या शब्दात त्याचं उत्तर नव्हतं. 'लो-इन्कम' आणि 'इमर्जिंग मार्केट' हे दोन शब्दही अडलेत. सुचवा.

परटवणे, रत्नागिरी

आधी 'सर्व' काढून टाका. अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७-१२) 'इन्क्लुझिव्ह ग्रोथ'वर भर होता, त्याचं मराठीत 'सर्वसमावेशक विकास' झालं. देशाच्या विकासाला 'सर्व' शोभतं. धंदा सगळ्यांना कधीच घेत नाही. तो कोणाला घेतो आणि कोणत्या अटीवर, हेच तर पाहायचं असतं.

मूळ संज्ञा फार जुनी नाही. शाश्वत विकासासाठी काम करणाऱ्या जागतिक उद्योग परिषदेने ती २००५च्या सुमारास पुढे आणली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या २००८च्या अहवालातली व्याख्या तुमच्या कामाची आहे: गरीब माणूस मागणीच्या बाजूला ग्राहक म्हणून आणि पुरवठ्याच्या बाजूला कामगार, उत्पादक किंवा उद्योगाचा मालक म्हणून. या दोन बाजू पुस्तिकेत वेगळ्या दाखवा, कारण त्या एका शब्दाखाली आल्या की पहिली दुसरीला झाकून टाकते. एक रुपयाची शाम्पूची पुडी विकणारी कंपनी आणि दूध उत्पादकांची सहकारी संस्था, दोन्ही 'समावेशक' ठरतात.

व्याकरणाकडेही बघा. 'समावेश' कोणीतरी करतो, दुसऱ्याचा होतो. 'माझा समावेश झाला' म्हणणारी बाई त्या वाक्यात काहीच करत नाही. 'मी सहभागी झाले' म्हटलं की क्रियापद तिचं होतं. म्हणून पुरवठ्याच्या बाजूला 'सहभाग' आणि ग्राहकाच्या बाजूला 'समावेश', अशी विभागणी मला योग्य वाटते.

दांडी, मालवण

त्या बाईंनी विचारलेला शब्दच का घेत नाही? आमच्याकडे 'वाटा' हा शब्द कामातूनच आलाय. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, पकडीचे पैसे आले की खर्च वजा होतो आणि उरलेल्याचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, हातांचा वेगळा. दोर ओढायला हात लावणारा पाहुणाही सहसा रिकामा परतत नाही, त्याच्या पिशवीत थोडी मासळी पडते. कोणाला किती मिळणार हे जाळं पाण्यात जायच्या आधीच ठरलेलं असतं. पकड कमी आली तर सगळ्यांचा वाटा कमी होतो, एकट्याच्या डोक्यावर तोटा बसत नाही. तुम्ही सांगताय त्या व्यवसायात हेच हवं ना? मग 'वाटेकरी व्यवसाय' म्हणा.

बागायतदार, देवगड

मालवणच्या मित्रांचा मुद्दा मनापासून पटतो. 'वाटेकरी' मात्र नको. कोकणात हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे सातबारा येतो, त्यावरची पन्नास नावं येतात आणि न मिटलेलं वाटप येतं. पुस्तिकेचं पहिलं पान उलटायच्या आधीच वाचणारी सावध होईल.

पण 'समावेश' पुरेसा नाही हे आंब्यात स्पष्ट दिसतं, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. १९९०-९१मध्ये राज्याने रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आणली, तिने लहान शेतकऱ्यांच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीवरही कलमं उभी राहिली. बाजाराच्या भाषेत तो समावेशच. पुढे काय होतं? मोहोर यायच्या आधी फवारणीला, खताला, राखणीला पैसे लागतात. ते बरेचदा वाशीच्या दलालाकडून उचल म्हणून येतात, आणि ज्याची उचल त्याच्याकडे पेटी. मग पट्टी येते. भाडं, हमाली, दलाली कापून उरलेला आकडा तिच्यात असतो. माल कितीला विकला गेला हे आपल्याला पट्टीवरूनच कळतं. असा शेतकरी बाजाराच्या बाहेर आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. तो गळ्यापर्यंत आत आहे. त्याच्या हातात नाही तो भाव, आणि कोणाला विकायचं ही निवड.

२०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव पेटीवर लागल्याने वाढलेले पैसे कोणाच्या खिशात जातात, हा प्रश्न पुन्हा वाट्याचाच आहे.

व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांनी २००४च्या पुस्तकात उत्पन्नाच्या पिरॅमिडच्या तळाशी असलेली गरीब माणसं ही मोठी बाजारपेठ आहे असं मांडलं. त्याच विषयाचे प्राध्यापक अनिल कर्णानी यांनी त्यावर आक्षेप घेतला तो असा: गरिबाला विकण्यापेक्षा त्याच्याकडून विकत घ्या, त्याला उत्पादक म्हणून बघा, त्याचं उत्पन्न वाढवा. मी बागायतदार आहे, त्यामुळे माझा कौल कर्णानींच्या बाजूला. तरी गिऱ्हाइकाची बाजू मी उडवून लावत नाही. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६पासून पैसे देणाऱ्या रुग्णांच्या फीवर गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोफत किंवा अत्यल्प दरात करत आलंय. तिथे रुग्ण ग्राहकच आहे, आणि त्याला मिळते ती दृष्टी.

परटवणे, रत्नागिरी

'वाटेकरी'वरचा आक्षेप मान्य. आता 'लो-इन्कम'.

'अल्प उत्पन्न गट' वापरू नका. म्हाडाच्या सोडतीमुळे त्याला उत्पन्नाची ठरलेली मर्यादा चिकटलीय. बायका विचारतील, दाखला कुठून आणायचा? साधं 'कमी उत्पन्नाची कुटुंबं' म्हणा. जिथे शक्य तिथे 'हातावर पोट असलेली' म्हणा, कारण त्यात आणखी एक गोष्ट येते: उत्पन्न नुसतं कमी नसतं, ते रोजचं आणि बेभरवशाचं असतं. जून-जुलैत मासेमारी बंद. आंब्याचा पैसा वर्षातून एकदा. अशा घरासाठी उद्योग उभा करायचा तर किंमत कमी करून भागत नाही, पैसे देण्याची-घेण्याची लय त्यांच्या कमाईशी जुळवावी लागते.

याचं उत्तम उदाहरण याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला आहे. उडुपी-मणिपालच्या सिंडिकेट बँकेने १९२८मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. एजंट रोज दारात येणार आणि दोन आणेसुद्धा घेणार. मोबाइलवरून पैसे पाठवायचं केनियाचं एम-पेसा आलं ते कितीतरी नंतर, २००७मध्ये. मराठीत 'पिग्मी' हा शब्द प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे, तेव्हा पुस्तिकेत केनियाच्या आधी पिग्मी घाला.

'इमर्जिंग मार्केट'चं 'उदयोन्मुख बाजारपेठ' रूढ आहे. पण १९८१मध्ये जागतिक बँकेच्या गटातल्या वित्त महामंडळात तो शब्द तयार झाला तो गुंतवणूकदारांना शेअर विकता यावेत म्हणून. तुमच्या वाचकांसाठी 'भारतासारखे विकसनशील देश' पुरे.

दांडी, मालवण

'लाभार्थी' हा शब्द पुस्तिकेत कुठेही येऊ देऊ नका. धंद्यात लाभार्थी नसतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, होडी स्वतः वल्हवतात. सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमाचा आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाचा आधार होता, तरी वल्हं त्यांच्या हातात आहे. त्यांना लाभार्थी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. लिज्जतचं बघा. १९५९मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि तिथे लाटणारी प्रत्येक जण सभासद-भगिनी, म्हणजे मालकीण. नफ्या-तोट्यात तिचा भाग असतो. शब्द आधी ठरला की हिशेबही तसा ठेवावा लागतो.

खाडीकाठ, वेंगुर्ला

सर्वांचे आभार. गटातल्या बायकांशी बोलून असं ठरवलंय:

मुखपृष्ठावर 'समावेशक व्यवसाय'. इतरत्र तो रुळतोय, आणि उद्या बँकेच्या किंवा योजनेच्या कागदात दिसला तर त्यांना ओळखीचा वाटला पाहिजे. 'प्रारूप' गेलं, त्या जागी 'पद्धत'. 'लाभार्थी' पूर्ण बाद; ज्या त्या ठिकाणी गिऱ्हाईक, पुरवठादार, कामगार, सभासद किंवा मालकीण, जे खरं असेल ते. पिग्मी पहिल्या प्रकरणात.

शिवाय प्रत्येक उदाहरणाखाली एक चौकट येईल, तिचा मथळा 'वाटा'. तिच्यात चार प्रश्न: भाव कोण ठरवतं? तोटा कोण सोसतं? दुसऱ्याला विकायची मोकळीक आहे का? हिशेब कोणाला बघता येतो? आंब्याच्या उचलीचं उदाहरणही घेतोय, देवगडकरांची हरकत नसेल तर. पट्टीचा एक नमुना, नावं झाकून, मिळाला तर फार बरं होईल.