मदत हवी आहे : लेन्सचा मेल-इन रिबेट नाकारलाय, पुन्हा कसा पाठवू?

केळफूल
लेकीच्या कॉन्टॅक्ट लेन्सवर २०० डॉलरचा रिबेट होता, म्हणजे खरेदीनंतर कागद पाठवले की तेवढे पैसे परत मिळतात. सगळे कागद टपालाने पाठवले. आज पोस्टकार्ड आलं : 'खरेदीचा पुरावा अपूर्ण'. पुरावा जोडला होता! फोन लावला तर नुसतं संगीत ऐकवतात. मुदत संपत आलीय. काय करू? लवकर सांगा प्लीज.

अटकेपार
लेन्स कुठून घेतल्या, डॉक्टरांकडून की ऑनलाइन? मुदत कसली, पहिल्या अर्जाची की दुरुस्तीची? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

साधा_माणूस
लोक कंटाळून नाद सोडतील या भरवशावरच हे रिबेट चालतात. मी तर ते लेबल दिसलं की वस्तू परत ठेवतो. कॉस्टकोच्या दुकानात जा, गल्ल्यावरच सूट मिळते.

केळफूल
ऑनलाइन. रोज बदलायच्या, वर्षभराच्या, ९० च्या ८ पेट्या. बारकोड कापून लावले, डोळे तपासल्याची पावतीही लावली. मुदत दुरुस्तीची. आणि लेन्स घेऊन झाल्यात, कॉस्टकोचं आता काय करू?

कोकणकडा
ताई, खरेदीचा पुरावा म्हणून पार्सलमधली पॅकिंग स्लिप लावलीत का?

केळफूल
हो, पार्सलमध्ये तेवढाच कागद होता.

कोकणकडा
मग तिथेच अडलंय. स्लिपवर बहुतेक वेळा किंमत नसते. त्यांना तारीख, लेन्सचं नाव आणि भरलेली रक्कम एकाच कागदावर लागते. दुकानाच्या साइटवर ऑर्डरमध्ये जाऊन इन्व्हॉइस छापा. पोस्टकार्डावरचा क्लेम नंबर प्रत्येक पानावर लिहा. बारकोडच्या झेरॉक्स आहेत ना? आणि इन्व्हॉइस कोणाच्या नावावर आहे?

केळफूल
माझ्या. तपासणीची पावती लेकीच्या नावावर. झेरॉक्स आहेत.

कोकणकडा
लेक अठराच्या आतली असेल तर नातं सांगणारी दोन ओळींची चिठ्ठी जोडा. आधी अटींमध्ये बघा, कित्येकदा दुरुस्ती साइटवर अपलोडही करता येते.

अटकेपार
टपालानेच पाठवणार असाल तर पोस्टाच्या खिडकीवर सर्टिफिकेट ऑफ मेलिंग मागा. थोडक्या पैशांत पाठवल्याच्या तारखेचा पुरावा मिळतो. पत्ता पीओ बॉक्सचा असेल तर फेडेक्ससारख्या खाजगी कुरिअरच्या भानगडीत पडू नका, तिथे सरकारी टपालच जातं.

ओवी_टेक्सास
मिळालेला रिबेट टॅक्समध्ये दाखवावा लागत नाही बरं का. घरगुती खरेदीवर ती किमतीतली घट धरतात, उत्पन्न नाही.

साधा_माणूस
एवढा खटाटोप २०० डॉलरसाठी? म्हणूनच म्हणतो, हा प्रकार बंद करायला हवा. कनेक्टिकट राज्यात रिबेट वजा केलेली किंमत जाहिरातीत छापायची तर ती सूट गल्ल्यावरच द्यावी लागते. सगळीकडे असंच हवं.

कोकणकडा
२०० डॉलर म्हणजे आमच्याकडे दोन आठवड्यांचा किराणा. तुम्ही सोडा, आम्ही का सोडावे? शिवाय दाद मागता येते. २००५ मध्ये कॉम्पयूएसए या दुकानसाखळीवर फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी अमेरिकी सरकारी संस्था) रिबेटवरूनच कारवाई केली होती. ताई, कागद पुरे करूनही नाकारलं तर तिथे आणि तुमच्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) तक्रार करा.

केळफूल
इन्व्हॉइस सापडला! रक्कम, तारीख, सगळं आहे. अपलोडची सोयही दिसतेय, आत्ताच करते. कोकणकडा, खूप आभार.

अटकेपार
चेकऐवजी प्रीपेड कार्ड आलं तर पेट्रोल पंपावर मशीनमध्ये घालू नका. पंप आधीच मोठी रक्कम अडवून ठेवतो आणि कार्ड नाकारलं जातं. आत जाऊन काउंटरवर द्या, नाहीतर सरळ अ‍ॅमेझॉनच्या गिफ्ट बॅलन्समध्ये भरून टाका. मुदतही बघा, काही कार्डांवर पुढे महिन्याचं शुल्क लागतं.

नवा_पाहुणा
टायरच्या रिबेटला पण बारकोड लागतो का? चारही टायर बसवून झालेत, लेबलं गॅरेजवाल्याने टाकून दिली.

अटकेपार
टायर कोणते? कधी घेतले? बिल आहे का?