सोनोग्राफी नॉर्मल, तरी पाळीत असह्य दुखतं. लॅपरोस्कोपीतून (पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीतून) काय कळेल?

मृण्मयी_२८: बहिणीच्या लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. पाळीत असह्य दुखतं. सोनोग्राफी नॉर्मल, पण गर्भनलिकांच्या एक्स-रेत उजवी बंद दिसते. डॉक्टर लॅपरोस्कोपी सुचवतात. खरंच गरज आहे का? कधी करावी?

डॉ_स्त्रीरोग: एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. त्याचे ओटीपोटाच्या अस्तरावरचे डाग अनेकदा काही मिलिमीटरचेच असतात, ते सोनोग्राफीत सहसा येत नाहीत. चॉकलेट सिस्ट (बीजांडकोशातली जुन्या रक्ताची गाठ) मात्र दिसतो. डाग काळे-निळेच असतात असंही नाही. लाल, पांढरे, पाणीदार फोडासारखेही असतात. त्यामुळे दुर्बीण अगदी जवळ नेऊन, बीजांडकोश उचलून त्याखालची बाजू आणि गर्भाशयामागचा खळगा बघावाच लागतो. वरवर बघितलं की निसटतात. संशयित जागेचा तुकडा बायप्सीला द्यायचा. 'एश्रे' या प्रजननशास्त्राच्या युरोपीय संस्थेच्या 2022 च्या सूचनांनुसार केवळ निदानासाठी सरसकट लॅपरोस्कोपी नको. पण स्कॅनमध्ये काही नाही आणि मूल हवं असल्याने हार्मोनच्या गोळ्याही देता येत नाहीत, तिथे ती योग्यच. अ‍ॅडिनोमायोसिस (अशाच पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) मात्र गर्भाशयाच्या भिंतीत असतो, त्याला चांगली योनीमार्गे सोनोग्राफी किंवा एमआरआय हवा.

नलिका_तज्ज्ञ: एक्स-रेतली बंद नलिका कधी कधी नुसती आखडलेली असते. लॅपरोस्कोपीत मिथिलीन ब्लू हा निळा रंग गर्भाशयमुखातून हळूहळू सोडतात आणि नलिकेच्या टोकातून निळं पाणी पडतंय का ते बघतात. जोर लावला की नलिका पुन्हा आखडते. कॅन्युला (रंग सोडायची नळी) सैल असला तर रंग योनीत परत येतो आणि दोन्ही नलिका बंद वाटतात. पाळी थांबल्यावर, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून साधारण सहाव्या ते अकराव्या दिवशी करा. जी-6-पीडी या लाल रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर आधी सांगा. नंतर लघवी निळसर-हिरवी होते, घाबरू नका.

आपल्याकडे गर्भनलिकांचा टीबी विसरू नये. मण्यांच्या माळेसारखी नलिका किंवा ओटीपोटाच्या अस्तरावर बारीक पांढरट ठिपके दिसले तर एक तुकडा फॉर्मलिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये. फॉर्मलिनमधल्या तुकड्याचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही आणि ही चूक वारंवार होते!

भूलतज्ज्ञ_पुणे: पूर्ण भूल लागते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून दाब 12 ते 15 मिमी पाऱ्याइतका ठेवतात. गॅसमुळे दोन-तीन दिवस खांदा दुखतो. आधी पोटावर उभी चीर असेल तर बेंबीखाली आतडं चिकटलेलं असू शकतं, मग डाव्या बरगडीखाली 3 सेंमीवरून शिरतात. घरी गेल्यावर पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, ताप किंवा उलट्या आल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आतड्याला इजा झालेली असू शकते. डाग सापडले तर त्याच वेळी काढायचे का, हे संमतीपत्रावर आधीच लिहून घ्या, आणि व्हिडिओ मागून ठेवा.